मेसमध्ये न झालेलं मतदान

जहाजावर मतदान नसतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. कप्तान म्हणाला डावीकडे, की जहाज डावीकडे. कप्तानाला वाटलं रविवारी गंज खरवडायचा, की आम्ही रविवारी खरवडायचा. माझा जन्म यातच गेला आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही. भर दर्यात चर्चा करत बसलं तर बुडायला होईल.

मी सारंग होतो. मालवाहू जहाजावर डेकचे जे खलाशी असतात, त्यांचा मुकादम. दोर, साखळदंड, रंग, गंज आणि माणसं, एवढं माझं राज्य. अधिकाऱ्यांनी वरून हुकूम सोडायचा आणि सारंगाने तो हातापायांपर्यंत पोचवायचा. काम चांगलं झालं तर साहेब हुशार, बिघडलं तर सारंग गाढव. हे चालायचंच.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी संपादकबाई म्हणाल्या, "काका, समुद्री चाच्यांचं लिहा, लोकांना आवडतं." बाई, चाचे मी पाहिले नाहीत. चाच्यांची भीती पाहिली. ते फिरतात त्या पट्ट्यातून जाताना आम्ही कठड्याला काटेरी तार बांधायचो, आणि कामाच्या जुन्या अंगभर बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून पहारेकरी उभे करायचो, लांबून माणसं वाटावीत म्हणून. आमचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, पेद्रू, त्यातल्या एकाला रोज सकाळी "गुड मॉर्निंग, सर" म्हणायचा. म्हणायचा, "सारंग, जहाजावर हा एकच माझ्या जेवणाला नावं ठेवत नाही." चाच्यांची गोष्ट इथे संपली. आता मला जे सांगायचंय ते सांगतो. मी सातवी नापास आहे. सुनेने ऱ्हस्वदीर्घ बघितलंय, बाकी तिला हात लावू दिला नाही.

तर, मतदान. एकाच बाबतीत जहाजावर माणसाला विचारतात. पुढे लढाई असेल तर.

पूर्वी तेही नव्हतं. मी नवा खलाशी असताना आखातात दोन देशांची लढाई चालू होती, तेलाची जहाजं फुटत होती. आम्ही आखातात शिरलो हे आम्हाला तेव्हाच्या भंडाऱ्याच्या रेडिओवर कळलं. तोवर शिरून झालं होतं. आमच्या पुढच्या जहाजाला आग लागलेली मी डोळ्यांनी बघितली. तेव्हाचा कप्तान म्हणाला, "अब क्या पूछना, अब तो आ गए." पुढे युनियनवाले भांडले आणि नियम झाला. लढाईच्या हद्दीत जहाज न्यायचं असेल तर आधी सगळ्यांना मेसमध्ये, म्हणजे जेवणाच्या खोलीत, जमवायचं. कुठे चाललोय ते सांगायचं. ज्याला यायचं नाही त्याने हात वर करायचा. कंपनीने त्याला शेवटच्या सुरक्षित बंदरात उतरवून आपल्या पैशाने घरी पाठवायचं, वर त्याच्या नावावर डाग लावायचा नाही. कप्तान जहाजाचा राजा असला तरी एवढी एक गोष्ट त्याला एकट्याने करता येत नाही.

आमचं जहाज २०१३ साली सिंगापूरला पूर्वेच्या नांगरवाड्यात, म्हणजे जहाजं नांगर टाकून उभी राहतात तिथे, येऊन थांबलं. पोटात ट्रक, तंबू, जनरेटर, काटेरी तारेची भेंडोळी. अमेरिकेच्या फौजेचं सामान, आमचं जहाज नुसतं भाड्याचं. पुढे कुठे जायचं ते ठरायचं होतं. अमेरिकेचा अध्यक्ष सीरियावर बॉम्ब टाकणार असं चाललं होतं. लढाई झाली, तर आम्ही लढाईच्या हद्दीतल्या बंदरात जायचं. नाही झाली, तर आधी ठरलेल्या साध्या बंदरात. तोवर नांगर टाकून गप्प बसा, असा हुकूम.

आणि किनाऱ्यावर माझी बायको मरत होती.

सरळ लिहितो, कारण तिलाही सरळच आवडायचं. इंदूला पोटाचा कॅन्सर. मुलगा मंदार चांगी बिझनेस पार्कात बँकेच्या कॉम्प्युटरवर कामाला, त्याने तिला आपल्याकडे आणली होती. ईस्ट कोस्टला त्यांचा कोंडो, म्हणजे सोसायटीतला फ्लॅट. डॉक्टरांनी मंदारला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता फक्त दुखू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात आहे. मंदारने ते मला फोनवर सांगितलं, आणि इंदूला कुणीच सांगितलं नव्हतं, तरी ती मला म्हणाली, "यायचं तर लवकर या, मी काय फार थांबत नाही."

मी कप्तानाकडे गेलो. कप्तान ब्रागांझा गोव्याचा, मराठी बोलायचा, माणूस वाईट नाही. मी म्हटलं, "साहेब, मला इथेच उतरवा." त्याने कंपनीला कळवलं. कंपनीचं उत्तर आलं, सारंगाच्या जागी बदली माणूस पुढच्या बंदरात मिळेल, इथे सोय नाही. कप्तान म्हणाला, "सारंग, उतरवायचं माझ्या हातात नाही. पण रोजचं काम उरकून लाँचने किनाऱ्यावर जा, संध्याकाळी परत ये. तेवढं माझ्या हातात आहे."

म्हणून मी जायचो. मरिना साउथच्या धक्क्यावर लाँच सोडायची, तिथून टॅक्सी. इंदूला चाकाच्या खुर्चीतून ईस्ट कोस्टच्या बागेत आणलेली असायची. समोर समुद्रात जहाजंच जहाजं उभी. ती विचारायची, "त्यातलं तुमचं कुठलं? ते गंजकं?"

"गंजकं नाही, तो लाल रंग आहे."

"तुम्ही लावलेला ना? मग गंजकंच."

हसली की तिला दुखायचं. तरी हसायची. शहाळं मागायची आणि दोन घोट घेऊन मला द्यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही असे रोज भेटणारे नवराबायको कधी नव्हतोच. वर्षाचे नऊ महिने मी पाण्यावर. ती म्हणायची, "आत्ता खरा संसार चाललाय. सकाळी नवरा कामावर, दुपारी घरी."

सून शलाका तिथे बसून फोनवर बातम्या वाचायची. मला विचाराल तर त्या बातम्यांवर माझा जीव टांगलेला होता. शलाकाने मला नीट समजावलं. अमेरिकेत लढाई जाहीर करायचा अधिकार काँग्रेसला.

"काँग्रेसला? अमेरिकेत पण?"

"बाबा, तिकडच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. फौजेचा प्रमुख मात्र अध्यक्ष. त्यामुळे भांडण कायमचं. बरेच अध्यक्ष आधी फौज पाठवतात आणि मग संसदेला कळवतात. हा म्हणतोय, मला एकट्याला अधिकार आहे, पण मी तरी संसदेला विचारणार. आता ते मतदान करतील."

"कधी?"

"सुट्टीवर आहेत सगळे. परत आले की."

इंदू म्हणाली, "बघा, शहाणा आहे. एवढा मोठा माणूस, विचारून करतोय. आमच्याकडे खुर्ची कुठे ठेवायची तेसुद्धा न विचारता ठरतं."

मला तेव्हा एवढंच कळलं, की तो अध्यक्ष जितके दिवस विचारत बसेल तितके दिवस मी या बाकावर. अध्यक्षाने एकट्याने ठरवलं असतं तर आमचा नांगर कधीच उचलला गेला असता. त्या लांबच्या सभागृहात लोक भाषणं करणार होते, त्यावर इंदूचं आणि माझं दुपारचं शहाळं अवलंबून होतं. लाँचवाला चिनी म्हातारा रोज माझ्याकडे बघून ओरडायचा, "अंकल! युवर शिप स्टिल हिअर! अमेरिका स्टिल टॉकिंग लाह!" मी म्हणायचो, "टॉकिंग, टॉकिंग." तो म्हणायचा, "गुड. टॉकिंग गुड. यू गो सी वाइफ."

मग कंपनीने एक गोष्ट केली. लढाई झालीच तर काही जण हात वर करणार हे कंपनीला माहीत होतं. जहाज अडू नये म्हणून त्यांनी भारतातून बदली माणसं आणून एका हॉटेलात ठेवली. त्यांत एक सारंगही होता. श्रीवर्धनचा पारकर. माझ्याहून बराच तरुण. धक्क्यावर तो मला शोधत आला.

"सारंगमामा तुम्हीच ना? तुमच्या जागेवर मीच."

आम्ही हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत बसून कोपी, इथली कॉफी, घेतली. मी त्याला जहाजाच्या खोडी सांगितल्या. नांगर उचलायच्या यंत्राचा, विंडलासचा, ब्रेक डाव्या बाजूला जरा सरकतो. थोरल्या खलाशाला सकाळी बोलायचं नाही, चहानंतर बोलायचं. पेद्रूच्या आमटीला नावं ठेवायची नाहीत. पारकरने सगळं मन लावून ऐकलं आणि म्हणाला, "मामा, तुम्ही फक्त हात वर करा. सहा महिने घरी बसलोय, बायकोच्या नजरेला नजर देता येत नाही. एकदा लढाई होऊन जाऊ दे."

मी म्हटलं, "होईल, होईल."

हे मी म्हटलं. आम्ही दोघं भले खलाशी, कोपी पीत लढाईची वाट बघत होतो. मला उतरायला लढाई पाहिजे होती, त्याला चढायला लढाई पाहिजे होती. लढाई लागली की मेसमध्ये मतदान, मतदानात माझा हात वर, आणि मग जगातली कुठलीही कंपनी मला जहाजावर ठेवू शकत नव्हती. नियमच होता.

मी हे इंदूला मोठ्या खुशीत सांगितलं. मला वाटलं, खूश होईल. ती खुर्चीत ताठ झाली.

"म्हणजे तिकडे बॉम्ब पडले की तुम्ही माझ्याजवळ."

"अगं, ते माझ्या हातात आहे का? पडायचे तर पडतीलच."

"पडायचे तर पडोत. पण तुम्ही देवाला काय सांगताय ते मला कळतं. तसं सांगू नका. तिकडे पण कुणाच्या बायका आहेत."

"आणि मी जायचं?"

"मी कुठे म्हटलं जा? मला तुम्ही पाहिजे आहात. तुमच्यापेक्षा जास्त पाहिजे आहात. पण तसं मागायचं नाही."

शलाका उठून शहाळं आणायला म्हणून लांब गेली. इंदूचं बरोबर होतं आणि मला ते नको होतं.

एका संध्याकाळी मी जहाजावर परतलो तर कप्तानाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, उद्या न्याहारी झाली की मेसमध्ये जमा. हुकूम कधीही येईल, आपण आपलं विचारून ठेवू. तिकडची संसद सुट्टीवरून परत आली होती आणि तिच्यात मतदान होणार होतं, आमच्या मेसमध्येही होणार होतं. पेद्रू म्हणाला, "मी तर हात वर करणार बाबा. सारंग, तू?" मी म्हटलं, "सगळ्यांत आधी." पोरं हसली. सारंगाने हात वर करणं ही साधी गोष्ट नाही. सारंग भ्याला असं पुढे चार जहाजांवर सांगितलं जातं. ते सांगोत. मी मंदारला फोन केला की उद्या दुपारी सामान घेऊनच येतो. मागून इंदूचा आवाज आला, "रंगाचे डबे आणू नका म्हणावं."

सकाळी न्याहारीला आम्ही सगळे आंघोळ करून बसलो होतो, का कोण जाणे. कप्तान आला. हातात काही नव्हतं. उभ्यानेच बोलला.

"मीटिंग नाही. लढाई टळली. कुणीतरी मध्ये पडून तोडगा काढलाय, तिकडचं मतदानही पुढे ढकललंय. आपण साध्या बंदराला चाललो. पायलट येतोय. स्टँडबाय."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पेद्रूने छातीवर क्रूसाची खूण केली. वाजवायच्याच होत्या टाळ्या. कुणी मरायचं नव्हतं, आता घरी फोन करून सांगता येणार होतं. मी कप्तानाच्या मागे जिन्यापर्यंत गेलो.

"साहेब, मतदान?"

"कशाचं, सारंग? लढाईच नाही तर विचारायचं काय?"

"बदली माणसं इथे आहेत. पारकर आहे. त्याला चढवा, मला सोडा. लाँच बोलवायचा वेळ आहे."

त्याने खरंच वर जाऊन ऑफिसला फोन लावला, मी दाराबाहेर उभा. त्याचं "येस सर, येस सर" ऐकू येत होतं. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "बदली माणसं लढाईसाठी मंजूर होती. ती मंजुरी गेली. ते आज विमानाने परत चाललेत. सारंग, लढाई असती तर मी तुला सोडू शकत होतो. आता माझ्या हातात नाही."

असं वाक्य मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही.

तुम्ही म्हणाल, उडी मारायची, पळून जायचं. विचार आला. पण शेवटची लाँच गेली होती, जहाज बंदराबाहेर काढून देणारा पायलट शिडी चढत होता, आणि कप्तानाच्या खालचे अधिकारी, चीफसाहेब, पुढून ओरडत होते, "सारंग, फॉरवर्ड!" जहाजाच्या नाकावर नांगराचं यंत्र असतं. ते चालवायचं काम सारंगाचं. दुसऱ्या कुणाच्या हाताला त्या सरकत्या ब्रेकची सवय नव्हती. सिंगापूरच्या तळातून नांगर मी उचलला. चिखल धुवायला पाण्याचा पाइप लावला, साखळी कडी-कडीने वर येताना मोजली, चीफला ओरडून सांगितलं, नांगर सुटला. माझ्या हातांना हे काम माहीत होतं म्हणून झालं. माझ्याकडून ते झालं नसतं.

लांब किनाऱ्यावर झाडांची हिरवी रेघ दिसत होती. त्यात एक बाक असणार.

मोकळा झालो तेव्हा फोनला अजून सिग्नल होता, लावला. इंदूनेच उचलला.

"अहो, तुमचं गंजकं हललं. मी बघतेय."

तिला सांगितलं कसंबसं, मतदान झालंच नाही, लढाई टळली.

"टळली ना? खरंच? मग बरं झालं." दम लागत होता तिला. "रडू नका. पोरं बघतील. मला एक सांगा, झालं असतं मतदान तर काय केलं असतं तुम्ही?"

"हात वर केला असता."

"सगळ्यांसमोर? सारंग असून?"

"सगळ्यांच्या आधी."

"बरं," ती म्हणाली. "हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला दर्याच पाहिजे." मग मागे शलाकाला म्हणाली, "अगं, ऊन आलं, खुर्ची फिरव." आणि फोन बंद झाला. सिग्नल गेला की तिने ठेवला, ते मला अजून माहीत नाही.

ती गेली तेव्हा आम्ही भर समुद्रात होतो. कप्तानाने वर बोलावून स्वतः सांगितलं आणि मला ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, त्याच्या खुर्चीत बसवलं, जिथे कुणी बसत नाही. पुढच्या बंदरात बदली सारंग तयार होता, कंपनी शब्दाला जागली. पारकर नव्हता, दुसराच कुणीतरी. तो चढला, मी उतरलो. मी सिंगापूरला पोचलो तेव्हा मंदारने सगळे विधी उरकले होते. त्याने दुसरं करायचं तरी काय?

कप्तानावर माझा राग नाही. कंपनीवर आहे, पण कंपनी म्हणजे कोण ते मला कधी कळलं नाही, फोनच्या पलीकडे "येस सर" म्हणावं लागणारा कुणीतरी. मी आता इथेच मंदारकडे असतो. शलाका अजून बातम्या वाचून दाखवते. यंदा तिकडच्या संसदेने एका लढाईतून हात काढून घ्यायचा ठराव केला आणि आताच्या अध्यक्षाने तो फेटाळला. ती विचारते, "बाबा, कुणाचं बरोबर?" मी सातवी नापास, मला काय कळणार. पण एवढं सांगतो. विचारायचं असेल तर लढाईच्या आधी विचारा, ते चांगलंच. पण लढाई नसतानाही माणसाला कधीतरी मेसमध्ये बसवून विचारा, बाबा रे, तुला जायचं आहे का? त्याचा नियम कुठल्याच जहाजावर नाही. कुठल्या देशात आहे का, ते शलाकाला विचारलं, तिलाही सांगता आलं नाही.

तिकडे बॉम्ब पडले नाहीत त्या दिवशी, चांगलं झालं. पुढे तिथे काय काय झालं ते शलाका सांगते, मी ऐकत नाही. पण त्या दिवशी पडले नाहीत. इंदूला तेच पाहिजे होतं. चांगलं झालं, असं मी रोज सकाळी स्वतःला सांगतो. आपोआप पटत नाही, अजून सांगावं लागतं.